समुद्र सपाट नसतो

खिल्लारे सरांसमोर ‘खूप’ म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, "सर, आज खूप ऊन आहे," की सर चालता चालता थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "खूप म्हणजे किती?" मग बोलणाऱ्याला व्हरांड्यात टांगलेला थर्मामीटर पाहून यावं लागे. हेडमास्तरांनी एकदा शिपायाला चहात साखर थोडी टाकायला सांगितली, तर सर सवयीनं बोलून गेले, "थोडी म्हणजे किती?" हेडमास्तर चहा न घेताच उठले. सरांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. आमचा सगळा भाग अकोल्यात मोडायचा. मी अमरावतीहून कारंजाच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि सरांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. मधे एकच भिंत, तीही कुडाची. त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला न ऐकताही ऐकू यायचं.

सर मूळचे मानोऱ्याकडचे. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला जाऊन त्यांनी धम्म स्वीकारला, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. "आधी पाहा, मग माना," हे त्यांचं वाक्य तेव्हापासूनचं. शाळेत ते विज्ञान शिकवायचे. बोलायला लागले की सुरुवात पुस्तकी मराठीत व्हायची आणि विषय रंगात आला की सर वऱ्हाडीवर यायचे. पोरांना हे माहीत होतं. सरांच्या तोंडून पहिलं ‘पाह्य ना बे’ आलं की वर्ग सावरून बसायचा, कारण आता काहीतरी घडणार असायचं.

गोफणीचा तास असाच घडला. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो तो खाली का पडत नाही, असं कोणीतरी विचारलं. सरांनी सगळा वर्ग मैदानात नेला. ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण त्यांनी घरून मागवली, तिच्यात दगड घातला आणि डोक्यावर गरगर फिरवायला सुरुवात केली.

"हा दगड उपग्रह. ही दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ. दगड पळून जाऊ पाह्यते, दोरी जाऊ देत नाई. दोघाईच्या भांडणात तो गोल फिरून राह्यला. समजलं काय?"

पोरं हो म्हणाली आणि दोरी तुटली. दगड सरळ गेला तो मैदानापलीकडच्या शेठजींच्या धान्याच्या गोदामावर. छपराचं कवेलू फुटल्याचा आवाज झाला. शेठजी उघड्या अंगानं बाहेर आले. पोरांना शिव्या द्यायच्या तयारीत होते, पण गोफण सरांच्या हातात दिसली.

"मास्तर, पोट्टे करतात ते समजते. तुमी?"

सर शिडी घेऊन वर चढले. फुटलेलं कवेलू काढलं, दुसरं बसवलं आणि वरूनच वर्गाला ओरडून म्हणाले, "दोरी तुटल्यावर दगड कुठी गेला? सरळ गेला का नाई? ल्याहून घ्या!" शेठजींनासुद्धा हसू आवरेना.

अग्निबाण कसा सोडतात तेही त्यांनी असंच समजावलं होतं. फळ्यावर एकावर एक असे तीन डबे काढले. खालचा डबा सगळ्यात मोठा. त्यातलं इंधन जळून संपलं की तो रिकामा डबा वाहून न्यायचा कशाला? टाकून द्यायचा. त्यानं दिलेला वेग वरच्यांना मिळालेला असतो. मग दुसरा पेटतो, तोही गळून पडतो. शेवटी सगळ्यात वरचा छोटा तुकडा तेवढा राहतो आणि तोच वर फिरत राहतो.

"मग टाकलेले डबे पडतात कुठं, सर?"

"समुद्रात. म्हणून तर समुद्राकाठून सोडतात, तोंड पाण्याकडं करून. जमिनीवर कोणाच्या घरावर पडले तर? समुद्रात काही कोणाचं घर नसतं."

त्या वर्गातल्या कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनीही नव्हता. त्यांच्या घरात समुद्र पाहिलेला एकच माणूस होता, त्यांचा मुलगा अशोक.

अशोकनं अकोल्याला आयटीआय केलं होतं. फिटर म्हणून मुंबईला गेला आणि तिथून मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागला. मी त्याला एकदाच पाहिलं. लग्नासाठी रजेवर आला होता. वाशीमजवळच्या एका गावातल्या रंजनाशी त्याचं लग्न झालं. हळद उतरली नव्हती, आणि बापलेक अंगणात वाद घालत बसले होते.

"बाबा, समुद्र सपाट नाई राहत. त्याले चढउतार असते."

"लाटा म्हणून राह्यला का तू?"

"लाटा सोडून. सारंच पाणी कुठी उंच, कुठी खोल. आमचे जुने लोक म्हणतात."

"पाणी आपली पातळी धरते, अशोक. पाचवीच्या पोट्ट्याले माहीत हाय." सर मनापासून हसले. अशोकही हसला. आत वच्छलाबाई, म्हणजे अशोकची आई, नव्या सुनेला म्हणत होत्या, "पाह्य, हे दोघं असेच. जेवाचंही भान नाई." रजा संपल्यावर अशोक गेला. रंजना सासरीच राहिली.

पुढच्या दिवाळीनंतर तार आली. बंगालच्या उपसागरात वादळ झालं होतं आणि अशोकच्या जहाजाशी संपर्क होत नव्हता. काही दिवसांनी दुसरी तार आली. शोध थांबवला होता.

दुसऱ्या तारेच्या दिवशी सर शाळेत आले. प्रार्थनेला उभे राहिले, तासांवर गेले. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये त्यांच्याकडे न पाहता वह्या तपासत होतो. शेवटी हेडमास्तर त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "खिल्लारे, खूप वाईट झालं." मला एकदम भीती वाटली की सर आता विचारतील, खूप म्हणजे किती. त्यांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्यानंतर त्यांच्या बोलण्यात तो एकच शब्द उरला. जेवायला वाढलंय, बरं. उद्या तपासणी आहे, बरं. ते रडले नाहीत. जेवण सुटलं नाही, झोप उडाली नाही, दाढी वाढली नाही. शिकवणंही तसंच चालू होतं, फक्त सगळं पुस्तकी मराठीत. पोरं वाट पाहायची, पण ‘पाह्य ना बे’ परत कधी आलं नाही.

एकदाच मी त्यांना अडलेलं पाहिलं. माझा तास शेजारच्या वर्गात होता आणि दार उघडं होतं. अग्निबाणाचाच धडा असावा. सर म्हणत होते, "रिकामे डबे समुद्रात पडतात. समुद्रात काही कोणाचं..." आणि थांबले. मीही खडू हातात धरून थांबले. सर फळ्याकडे वळले, डबे पुसून टाकले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न वाचा."

घरात मात्र वच्छलाबाईंनी वेगळंच धरलं होतं. मुलगा गेला हे त्या मानायलाच तयार नव्हत्या. कोणी भेटायला आलं आणि डोळ्याला पदर लावला की त्या चिडायच्या. "कायले रडता? कोणी पाह्यलं त्याले बुडताना?" रंजनाला हिरव्या बांगड्या काढू दिल्या नाहीत. तिच्या कपाळाला कुंकू नसलं तर स्वतः लावून द्यायच्या. नातेवाईक म्हणाले, गेलेल्याचं पुण्यानुमोदन करून टाकू, चार माणसं बोलावू, वंदना घेऊ. वच्छलाबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

रंजनाचे वडील तिला न्यायला आले तेव्हाचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

"पोरगी वीस वर्साची हाय, मास्तर," ते म्हणत होते. "असं लटकवून कसं ठेवता? मी तिचं पाह्यतो काही."

"तिचा नवरा जिता हाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मास्तर, तुमी बोला."

पलीकडे पाट सरकला. मग सर म्हणाले, "बरं." ते ‘बरं’ नेमकं कोणाला होतं ते कोणालाच कळलं नाही. रंजनाचे वडील एकटेच एसटीनं परत गेले.

हे असंच अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यापर्यंत चाललं. एके दिवशी सकाळी सर अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. मी पाणी भरत होते. आतल्या पानावर बातमी होती की अमेरिकेनं फक्त समुद्र पाहण्यासाठी म्हणून एक उपग्रह सोडला आहे. ढग असोत की अंधार, त्याला दिसतं. तो वरून रडारच्या लहरी पाठवतो, त्या पाण्यावर आपटून परत येतात, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती उंच ते कळतं.

सरांनी ते एकदा वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, समुद्र सपाट नसतो म्हणते हा कागद. खाली डोंगर असला तर वरचं पाणी फुगते. दरी असली तर खचते." त्यांनी चष्मा काढला. "अशोक बरोबर बोलून राह्यला होता. मी हसलो त्याले."

तारेनंतर त्यांच्या तोंडून मुलाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. पेपरची घडी घालायला मात्र त्यांना वेळ लागला.

दारात वच्छलाबाई गोधडीसाठी सुईत दोरा ओवत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सारा समुद्र दिसते त्याले?"

"सारा," सर म्हणाले. त्यांनी वच्छलाबाईंच्या हातातली दोऱ्याची गुंडी घेतली. "पृथ्वी अशी बाजूनं फिरते. आणि तो वरून खाली, खालून वर चकरा मारतो. जसा गुंडीवर दोरा गुंडाळत जातो. दर फेरीला खाली नवं पाणी येते. काही दिवसांत सारं झाकल्या जाते."

कितीतरी महिन्यांनी ते इतकं सलग बोलले होते. मला बरं वाटलं. वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावर जे उगवलं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या आळीला बातमी होती. दळणाच्या चक्कीवर, भाजीच्या गाड्यापाशी वच्छलाबाई सांगायच्या, "वरून पाहून राह्यले लोक. सारा समुद्र. एखाद्या बेटावर असन, दिसनच." कोणी विरोध केला नाही. मास्तरांची बायको सांगते म्हणजे खरंच असेल, असं वाटून काहींना आशाही वाटली. रंजनाच्या वडिलांनी पुन्हा विचारायला माणूस पाठवला, त्यालाही हेच उत्तर मिळालं. संध्याकाळी वच्छलाबाई सरांना विचारायच्या, "आज काही आलं काय पेपरात?" सर म्हणायचे, "नाही." त्या म्हणायच्या, "बातमी येईन." सर म्हणायचे, "बरं."

तो उपग्रह पाण्याचा वरचा भाग पाहतो, हरवलेली माणसं शोधत नाही, आणि जहाज बुडून तर वर्ष होत आलं, हे सरांना कळत नव्हतं असं नाही. ते एका वाक्यात सांगू शकले असते. पण ते वाक्य त्यांच्या आत कुठेतरी जाऊन पडलं होतं आणि ते उचलायला लागणारं बळ त्यांच्यापाशी नव्हतं. मी त्यांना तेव्हा कठोर समजायची. आता वाटतं, हात बधिर झाला की आपण काय धरलंय तेही कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, पेपरात अगदी छोटी बातमी आली. तो उपग्रह बंद पडला होता. वर गेल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. विजेत काहीतरी बिघाड झाला आणि त्याच्याकडून येणारे संदेश थांबले. सरांनी ती वाचली हे मला माहीत होतं, कारण स्टाफरूममधला तो पेपर आधी त्यांच्याच हातात होता. घरी मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. वच्छलाबाई रोज विचारत होत्या, सर रोज नाही म्हणत होते.

चार-पाच दिवसांनी रंजना माझ्या दारात आली. एरवी ती फार बोलायची नाही. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई.

"बाई, ते यंत्र बंद पडलं म्हणतात. खरं काय?"

"हो," मी म्हणाले. "पण रंजना, चालू असतं तरी..."

"मले माहीत हाय. मी नववी शिकली." ती चौकटीला टेकली. "मामाजीले पण माहीत हाय. मंग सांगत काहून नाई? आत्याबाई वाट पाह्यतात, ते त्याईचं. पण मी काय पाहू? मले कोणी विचारलंच नाई." आणि मग, "तुमी चला आमच्याकडं. मी आज विचारते. तुमी नुसत्या बसा."

मी गेले आणि उंबऱ्याजवळ बसले. सर जेवत होते. ताटात भाकरी आणि तुरीची डाळ होती. वच्छलाबाई चुलीपाशी. रंजना पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो खाली ठेवला आणि उभीच राहिली.

"मामाजी, तुमी साऱ्या गावाच्या पोरांले शिकवता. एकदा मलेई सांगा. हे येतीन का नाई?"

वच्छलाबाई गर्रकन वळल्या. "काय बोलून राह्यली तू?"

"मी मामाजीले इचारून राह्यली."

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला. बोटांना लागलेली डाळ ताटाच्या कडेला निपटली. मला वाटलं, ते आता ‘बरं’ म्हणतील आणि उठतील.

"नाई येणार," ते म्हणाले.

वच्छलाबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. त्या उठून सरांसमोर आल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट अगदी बारीक झाला. "कायावरून म्हणता? पाह्यलं काय तुमी? सारी जिंदगी लोकांले सांगत आले, आधी पाहा मंग माना. मंग? पाह्यलं काय माया पोराले?"

"नाई पाह्यलं."

"मंग?"

"तरी तो गेला, वच्छला. पाह्याले मिळणार नाई. मले नाई, तुले नाई, वरून कोणालेच नाई. न पाह्यताच मानाचं हाय आपल्याले."

आयुष्यभर जे केलं नाही ते त्यांनी त्या जेवणाच्या ताटावर बसून केलं. जिच्यासाठी केलं, ती तिथं उभी होती. वच्छलाबाई सरांकडे पाहत राहिल्या, मग रंजनाकडे. तिला जणू त्या कितीतरी दिवसांनी पाहत होत्या. मग त्या खाली बसल्या आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मला इथे लिहिता येणार नाही. रंजना त्यांना धरून बसली. सर ताटाकडे पाहत होते. काही वेळानं त्यांनी हात धुतला आणि जाऊन अंगणात उभे राहिले. ते रडले का, मला ठाऊक नाही. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

पुण्यानुमोदन थंडीत झालं. पांढऱ्या कपड्यातली माणसं अंगणात मावली नाहीत. बुद्धाच्या तसबिरीखाली अशोकचा लग्नातला फोटो ठेवला होता. शाळेतली पोरंही आली होती. कोणीतरी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उभे राहिले, फोटोकडे पाहिलं, "आला होता, चांगला होता," एवढं म्हणाले आणि बसले.

त्यानंतर सर पूर्वीसारखे झाले असं सांगायला मला आवडलं असतं. तसे ते झाले नाहीत. पण एक काम त्यांनी मनावर घेतलं. रविवार आला की ते सायकल काढायचे किंवा एसटी पकडायचे, कधी मानोरा, कधी मंगरूळ, कधी वाशीम. रंजनासाठी स्थळ पाहत होते. तिचे वडील म्हणाले, हे माझं काम आहे. सर म्हणाले, "दोघं मिळून करू." वाशीमच्या कचेरीत कारकून असलेला एक विधुर मुलगा ठरला. सरांनी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला सांगितलं की मुलीला बोलायची सवय आहे, तिला गप्प बसवू नका. हे मला रंजनानं नंतर सांगितलं. सांगताना तिला हसू येत होतं.

लग्न उन्हाळ्यात विहारात लागलं. वच्छलाबाईंनी सकाळी स्वतः रंजनाच्या हातात नव्या बांगड्या भरल्या आणि मग आत जाऊन बसल्या, त्या निरोपापर्यंत बाहेर आल्या नाहीत. वऱ्हाड एसटीनं वाशीमला जायचं होतं. माझीही बदली वाशीमला झाली होती, म्हणून मी त्याच गाडीनं निघाले. सरांनी रंजनाची लोखंडी ट्रंक कोणाला उचलू दिली नाही. शिडीनं चढून टपावर ठेवली, दोरीनं बांधली, गाठ ओढून पाहिली आणि खाली उतरले. रंजना पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ट्रंक उतरवताना कंडक्टरले सांगजो," ते म्हणाले, "कडी ढिल्ली हाय."

ती माझ्या शेजारी खिडकीत बसली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तरी सरांचा हात मागच्या शिडीच्या दांडीवर तसाच होता. ते गाडीबरोबर चार पावलं चालत आले, जरा भराभर, मग दांडी सुटली. मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीवरचा माणूस ओरडला, "बाजूले व्हा ना मास्तर!" सर बाजूला झाले.

रंजनानं मागे वळून पाहिलं नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद ती बोटांनी चोळत होती.

"बाई, मामाजी गेले काय घरी?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. धूळ होती आणि धुळीत ते होते, हात बाजूला सोडून.

"नाही. उभे आहेत."

जिनिंगच्या कारखान्यापाशी रस्ता वळला. तिनं परत विचारलं, "आता?"

त्या वळणावरून स्टँड दिसत नाही.

"उभे आहेत," मी म्हणाले.